अनुभव धागा: लहानग्यांमध्ये शहाणपण कसे रुजते?

तलावपाळी
गेल्या रविवारी ठाण्याच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमधून निघताना सहा वर्षांच्या नातवाने विचारले, "येशू तीन दिवस सापडला नाही, तेव्हा मारिया त्याला रागावली का?" बारा वर्षांच्या येशूची ही गोष्ट माझी आजी सांगत असे, तेव्हा तो मंदिरात गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, यावर तिचा सारा भर असे, त्यामुळे आमच्या घरात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कुणी गप्प बसवले नाही. नातवाला मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले मारियेचे, म्हणजे येशूच्या आईचे, बोल वाचून दाखवले. ती जाब विचारते आणि आपण किती कष्टी होऊन शोधत होतो, हेही सांगते. आपापल्या घरचे अनुभव कृपया लिहावेत.

ऐरोलीची आई
बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31 असल्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आली आहे, परंतु चार वर्षांच्या मुलीला अख्खा अध्याय ऐकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यासाठी तिसाव्या अध्यायातले चार लहान, पण शहाणे प्राणी पुरेसे आहेत: मुंगी, शाफान, टोळ आणि पाल. काल मी डबे भरत होते तेवढा वेळ ती ओट्याखाली उकिडवी बसून, पोळीचा कण ओढणाऱ्या मुंग्या वाटेत चमचा आल्यावर वळसा कसा घालतात, ते पाहत होती.

वाशीकर
शाफान कसा समजावलात? आमच्या धाकट्याचे घोडे तिथेच अडले आहे.

ऐरोलीची आई
खडकांच्या कपारीत राहणारा, साधारण सशाएवढा प्राणी आहे. मृत समुद्राजवळ एन गेदीला तो आजही दिसतो. त्याचा व्हिडिओ दाखवा.

नेरूळच्या बाई
संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या शहाण्या राजा शलमोनाच्या न्यायाची गोष्ट सांगताना, दोघी स्त्रिया एकाच बाळावर हक्क सांगतात तिथे मी थांबते आणि "आता तुम्ही काय कराल?" असे मुलांना विचारते. एक मुलगा म्हणाला, "बाळ कुणाच्या मांडीवर रडायचे थांबते, ते बघू." शेवट आधी सांगितला असता, तर हे उत्तर मला कधीच ऐकायला मिळाले नसते.

कोलशेतकर
मुलांना छडी लावावी, हे नीतिसूत्रांतले वचन पुढे करणारे पालक बायबलमधल्याच इफिसकरांस पत्रातले, बापांनी मुलांना चिडीस आणू नये, हे वचन सहसा सांगत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमची दोघे सायकलवरून भांडली, की प्रत्येकाने आधी दुसऱ्याची बाजू मांडायची, असा नियम आहे. पहिल्याचे म्हणणे खरे वाटते, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, हे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातच आहे. थोरलीला हे फार जड जाते, कारण धाकट्याचे म्हणणे मांडता मांडता तिला ते पटू लागते.

वाशीकर
आमच्याकडे रिमोटवरून रोज हेच चालते. आज संध्याकाळीच हा नियम लावून पाहतो आणि काय होते ते इथे कळवतो.