मदत हवी आहे : अंगणवाडीला जोडून दिवसभराचं पाळणाघर मागायचंय, पण ते आमच्याच मानेवर बसायला नको. निवेदन कसं लिहू?

सेविका_पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे, १९ वर्षं झाली. वस्ती बिडीवाल्या बायकांची, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, पोरं दोन्ही मिसळून बोलतात. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या पालक सभेत एक आई म्हणाली, टीचर तुमची अंगणवाडी दुपारी सुटते, नंतर लेकराला कुठं ठेवू? ती घरीच बिडी वळते. मांडीवर सूप, शेजारी दीड वर्षाचं पोरगं, तंबाखूची धूळ सगळीकडं आणि तेच हात ते तोंडात घालतंय. हजार बिडी व्हायला अख्खा दिवस जातो, मधे पोर रडत उठलं की तेवढ्या कमी, मग रात्री बसून पुरं करायचं. दुसरी गारमेंटला जाते, तिचं बारकं आठ वर्षाच्या बहिणीकडं, म्हणजे ती बहीण शाळेत नाही. मला रोज दिसतंय हे. सगळ्या म्हणायल्यात की दिवसभराचं पाळणाघर इथंच काढा आणि मागणी तुम्हीच करा.

इथंच अडलंय. बीटमधल्या, म्हणजे एकाच मुख्यसेविकेच्या हाताखालच्या, आम्ही अकरा जणी बसलो तर निम्म्या बिथरल्याच. एकदा हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत आपणच बसायचं आणि मानधन तेच, अशी भीती, आणि ती खोटी नाही हो. मोबाईलवर पोषण ट्रॅकर ॲप भरा, टीएचआर (घरी न्यायचा आहार) देताना बाईचा चेहरा मोबाईलमध्ये जुळेपर्यंत रांग थांबवा, गृहभेटी, वजन-उंची, लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावून आणा, लाडकी बहीणचे फॉर्म पण आम्हीच भरत होतो. माझ्या मदतनीस अक्का ५८ वर्षांच्या, गुडघे गेलेत. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसाआड, त्या दिवशी ड्रम भरायचं त्यांच्याकडंच. खोली भाड्याची, वर पत्रा. मे महिन्यात दुपारी तिथं मोठं माणूस बसत नाही, पोरं झोपवू कुठं?

पण नको म्हटलं तर आया म्हणणार की बाया कामचुकार आहेत. आणि वाढीव कामाचे पैसे मागितले तर एका साहेबांनी तोंडावर सांगितलं, तुम्ही मानधनी, तुम्हाला पगाराची भाषा शोभत नाही. यावर काय बोलायचं असतं? निवेदनात नियम कुठला दाखवू?

जुनी_मुख्यसेविका

बाई, आधी योजना वाचा मग घाबरा. केंद्राच्या मिशन शक्ती या बायकांसाठीच्या योजनेत २०२२ पासून 'पाळणा' आहे, त्यात अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर हा प्रकार आहे. सहा महिने ते सहा वर्षांची पोरं, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५, दिवसाला साडेसात तास, महिन्यात २६ दिवस. खर्च केंद्र ६० आणि राज्य ४०. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे पाळणाघराची सेविका आणि मदतनीस ह्या जादाच्या, तुमच्या दोघींच्या वर. म्हणजे तुम्ही काही वेगळं मागतच नाही आहात. आधी माणसं भरा आणि मग दार उघडा, एवढंच लिहा. मी नोकरीत होते तेव्हा उलटंच बघितलंय, बोर्ड आधी लागायचा.

कोर्टकचेरी_सोलापूर

त्या साहेबांसाठी : २५ एप्रिल २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक. केस गुजरातची. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना तेव्हाचा ग्रॅच्युइटी कायदा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशांचा) लागू आहे असं त्यात म्हटलंय, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच धरलंय. निकाल ग्रॅच्युइटीचा आहे हे लक्षात ठेवा, सगळं त्यात कोंबू नका नाहीतर समोरचा तिथंच पकडेल. पण 'शोभत नाही'ला उत्तर म्हणून पुरेसा आहे. प्रिंट काढून न्या, तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नसतं.

टॉवेल_चादर

राग मानू नका पण ४ डिसेंबर २०२३ पासून तुमचा संप चालला, दीड महिन्याच्या वर अंगणवाड्या बंद, तेव्हा आमच्या पोरांचा खाऊ बंद होता. तेव्हा पालक आठवले नाहीत, आता सह्या पाहिजेत म्हणून आठवले का?

सेविका_पूर्वभाग

राग कशाला, खरं आहे. मी पण संपात होते. पहिल्या आठवड्यात एक पोरगं बंद दाराशी डबा घेऊन बसलेलं बघितलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. पण त्या वेळी आम्ही आयांना नीट सांगितलंच नाही की कशासाठी बसलोय, आमच्या घोषणा आमच्याच कानात. म्हणूनच यावेळी आधी त्यांच्याशी बोलायचं म्हणतेय.

बिडीवाल्याची_लेक

माझी आई ३० वर्षं बिडी वळली, मी सुपाशेजारीच वाढले, म्हणून लिहितेय. कारखान्यात ठरावीक संख्येच्या वर माणसं कामाला असली की मालकाने पाळणाघर द्यायचं, असा कायदा आहे. पण आमच्या आया घरात वळतात, कारखान्यात फक्त बिडी द्यायला जातात. म्हणजे तिथं त्या मोजल्याच जात नाहीत. मालकाचं पाळणाघर त्यांच्या नशिबात नाही, अंगणवाडीच आहे, हे निवेदनात पहिल्या ओळीत घाला. आणि ताई, निवेदन तुमच्या नावाने देऊच नका. अर्ज आयांचा, खाली त्यांच्या सह्या-अंगठे, आणि त्यांच्याच तोंडून 'टीचरला माणसं वाढवून द्या'. तुमची भीती तुम्ही बोललात तर तक्रार, आई बोलली तर मागणी. माझी आई सही करायची नाही, अंगठा देते, पण एकदा ऑफिसात बोलायला लागली की साहेब पंखा बंद करून ऐकत होते.

सेविका_पूर्वभाग

हे डोक्यातच आलं नव्हतं. काल अक्कांना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, जादा मदतनीस येणार असेल तर पाणी भरायला आधी तिला लावा, मी पोरं झोपवते. आता अर्ज असा करतेय : आयांच्या नावाने, वर घरात वळणाऱ्या बायकांचा मुद्दा, मग दोन जादा माणसं, पाण्याची टाकी आणि स्लॅबची खोली. वेळ वाढवायचा विषय सगळ्यात शेवटी. निकालाची प्रिंट वेगळी ठेवते, साहेबांनी विषय काढला तरच.

एकच राहिलं. निम्म्या आयांना मराठी वाचता येत नाही, अंगठा देण्याआधी त्यांना कळलं पाहिजे कशावर देतोय. कोणी तेलुगूत पाच-सहा ओळी लिहून देईल का, साध्या, घरात बोलतात तशा? रविवारी पाणी सुटणार आहे, सगळ्या नळावरच असतात, म्हणून बैठक सोमवारी दुपारी ठेवलीय. तोपर्यंत मिळालं तर फार उपकार होतील.