शब्दचर्चा: ‘बूटलोडर उडाला’ म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न – दारव्हा तालुका, यवतमाळ

गावच्या वाचनालयात जुने लॅपटॉप आहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ हे लॅपटॉप घेत नाहीत. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा पाहिजे. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकतो आहोत. पोरांना स्वतः दुरुस्त करता यावं यासाठी मराठीत एक पान लिहितो आहे, त्यात दोन ठिकाणी अडलो. ‘अनसपोर्टेड’ला ‘असमर्थित’ लिहू का? आणि लॅपटॉप उठला नाही की सगळे ‘बूटलोडर उडाला’ म्हणतात, तेच लिहू का?

निवृत्त मराठी शिक्षक, वरूड

‘असमर्थित’ नको. मराठीत समर्थन मताचं होतं, मागणीचं होतं. असमर्थित लॅपटॉप म्हटलं तर पोरगा विचारेल, याला कोणाचा विरोध आहे? तुम्ही प्रश्नातच लिहून गेलात, ‘लॅपटॉप घेत नाहीत’. मोटर लोड घेत नाही, गाडी चढ घेत नाही, हेच आपलं रोजचं बोलणं आहे. तेच ठेवा.

‘बूटलोडर’ मात्र तसाच राहू द्या; लॅपटॉप चालू केल्यावर विंडोज किंवा लिनक्सला उठवणारा तो छोटा प्रोग्राम. ‘प्रारंभक’ कोशात शोभेल, पण स्क्रीनवर पोराला तो दिसणार नाही. बुटाच्या मागच्या बाजूला ओढायला जो पट्टा असतो, तो इंग्रजीतला बूटस्ट्रॅप. त्यावरून बूट करणे आलं. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला उचलायचं, तसं यंत्रानं स्वतःला उठवायचं.

लॅपटॉप दुरुस्ती, आर्वी

सर बरोबर बोलले. मला ‘उडाला’बद्दल बोलायचं आहे, कारण या एका शब्दापायी लोक चांगला डेटा घालवतात. गिऱ्हाईक येते अन् म्हणते, ‘भाऊ, बूटलोडर उडाला, फॉरमॅट मारून द्या.’ दहापैकी बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते.

लॅपटॉप चालू करताच आधी जागा होणारा प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवर बायोस असतो, नव्यांवर यूईएफआय. जुन्या बायोसवाल्या लॅपटॉपवर ‘उडाला’ शब्द बरोबर आहे. तिथे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बूटचा कोड असतो, अन् विंडोज पुन्हा मारलं की त्याच्यावरच लिहिलं जाते. यूईएफआयवाल्यावर तसं नाही. तिथे डिस्कवर ईएफआय नावाचं छोटं फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) असते, त्यात विंडोजचं फोल्डर वेगळं, लिनक्सचं वेगळं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्स दिसत नसेल, तर बहुधा कोणाला आधी उठवायचं तो क्रम बदललेला असतो. ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, जागेवरच असतो. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला वर घ्या, झालं.

काही लॅपटॉप तर विंडोजशिवाय दुसरी नोंद मानतच नाहीत. त्यांच्यासाठी ईएफआय पार्टिशनच्या ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘बूटएक्स६४’ नावाने लोडरची प्रत ठेवावी लागते. ते नाव यूईएफआय स्वतःहून शोधते.

आपल्याकडचं आणखी एक. लाइन जाते, अन् जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. मिंट टाकताना ग्रब अगदी शेवटी लिहिला जातो. त्याच वेळी लाइन गेली तर फाइली सगळ्या आलेल्या, पण उठवणारा कोणी नाही. स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचं येते. याला ‘उडाला’ कसं म्हणणार? तो बसलाच नाही.

म्हणून पानावर तीन वाक्यं वेगवेगळी लिहा: ‘ग्रब बसला नाही’, ‘ग्रब सापडत नाही’, ‘ग्रबला लिनक्स सापडत नाही’. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

प्रश्नकर्ता

हे पटलं. काल एका लॅपटॉपवर मिंट टाकायचा पेनड्राइव्ह लावला तर ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ आलं. पोरं म्हणाली, व्हायरस आहे. आणि दुसऱ्यावर काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन राहिलं. हे कोणत्या वाक्यात बसवू?

लॅपटॉप दुरुस्ती, आर्वी

पहिलं यापैकी कशातच नाही. व्हायरसही नाही. सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचा लोडर उठू देणारी सोय) चालू आहे अन् पेनड्राइव्हवरच्या लोडरची सही त्याला मान्य नाही. त्याला सरळ ‘सही मान्य नाही’ लिहा. मिंटच्या साइटवरून ताजी आयएसओ (मिंट बसवायची फाइल) घ्या, चेकसम (फाइल पूर्ण अन् बरोबर उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून पाहा, अन् पेनड्राइव्ह नव्याने बनवा. तरी अडलं तरच सिक्युअर बूट बंद करा. पण विंडोज ठेवायचं असेल अन् बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. नाहीतर विंडोज की मागत बसते.

दुसरं तिसऱ्या वाक्यातलं. ग्रब उठला, पण त्याचं पार्टिशन त्याला सापडत नाही. कोणीतरी पार्टिशन उडवलं किंवा त्याचे नंबर बदलले. तिथे ‘एलएस’ लिहा, पार्टिशनची यादी येते. एकेक उघडून पाहा. ज्यात बूट अन् त्याच्या आत ग्रब फोल्डर दिसेल, ते पार्टिशन ‘रूट’ म्हणून द्या, ‘प्रीफिक्स’ (ग्रबच्या फाइलींचा पत्ता) म्हणून तेच ग्रब फोल्डर द्या. मग ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मिंट उठलं की लगेच ग्रब पुन्हा बसवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तीच काळी स्क्रीन येईल.

अन् बूट मेनूची (कशावरून उठायचं ते निवडायची यादी) बटणं पानावर वरतीच लिहा: डेल अन् लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९.