घटस्फोटानंतर घरातील सामानाची आवराआवर

प्रश्न: निकाल लागल्यापासून इंदिरानगरच्या घरात मी एकटीच राहते. माळ्यावर लग्नातली नाव कोरलेली पितळी भांडी, त्यांचे शर्ट, अल्बम तसेच पडून आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: ताई, आधी कागदपत्रे पाहा. बँकेतील नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, ते स्वतः बदलून घ्यावे लागते. लग्नात आपल्याला मिळालेली भांडी आणि दागिने हे आपले स्त्रीधन असून त्यांवर आपलाच हक्क आहे, त्यामुळे रागाच्या भरात काहीही देऊन टाकू नका.

उत्तर: भांड्यांच्या बाजारात पितळेची मोड वजनावर घेतात; घरी तोलून मगच न्या. शर्टांबाबत लेखी कळवून मुदत द्या, नंतर गरजूंना द्या.

उत्तर: अल्बम मात्र फाडू नका, बहिणीकडे ठेवायला द्या.