मदत हवी आहे: नोरोव्हायरसनंतर सोफा, खेळणी, रिमोट साफ कसे करायचे?

मोठ्या मुलाला नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा, पटकन पसरणारा व्हायरस) झाला होता, आता तो बरा आहे पण घरात रांगणारं बाळ आहे आणि ते दिसेल ती वस्तू तोंडात घालतं, त्यामुळे खूप काळजी वाटतेय. बाळाला अजून काही त्रास नाही, डॉक्टरांशी बोलणं झालंय, प्रश्न फक्त साफसफाईचा आहे.

फरशी, नळ, दाराच्या कड्या, फ्लशचं बटण हे सगळं आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने (साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग क्लोरीन) पुसलं, ५ मिनिटं ओलं ठेवलं. चादरी, टॉवेल ६० डिग्रीच्या वर गरम पाण्यात धुतले. सॅनिटायझर या व्हायरसवर नीट चालत नाही म्हणून हात साबणानेच धुतोय. बरं झाल्यावरही २ आठवडे किंवा जास्त दिवस शौचातून व्हायरस जाऊ शकतो, म्हणून मुलाचा टॉवेल वेगळाच ठेवलाय.

अडलंय ते कापडी सोफ्यावर, तिथेच उलटी झाली होती, कव्हर निघत नाही आणि ब्लीचने रंग जाईल. बॅटरीवाली सॉफ्ट खेळणी आणि रिमोटही धुता येत नाहीत. नुसतं बाजूला ठेवून भागेल असं वाटत नाही कारण हा व्हायरस वस्तूंवर बरेच दिवस टिकतो.

सोफ्याला स्टीम क्लीनर पुरेल का, एका जागी किती वेळ धरायचा, आणि रिमोट-खेळण्यांसाठी बाळाला सुरक्षित असं ब्लीचशिवाय काय वापरता येईल?