झेरॉक्सपलीकडचं थोडंसं

सरकारी कचेरीतला 'प्रशिक्षणार्थी म्हणजे झेरॉक्स काढणारा पोऱ्या' असं म्हणतात, ते निम्मं खरं आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मी सिंधुदुर्गातल्या एका तहसील कचेरीत होते. पदवीधर म्हणून महिना 10,000. खुर्ची मात्र नाही, अभिलेख कक्षाच्या दारात स्टूल. पावसात दप्तरं बांधायचे रुमाल इतके दमट की गाठ सुटता सुटायची नाही. आणि चतुर्थीला आलेले चाकरमानी सातबाऱ्यासाठी रांगेत उभे राहिले की सर्व्हर हमखास झोपायचा!

एक आजी सारख्या खेपा घालायच्या. संगणकीकृत सातबाऱ्यावर त्यांच्या नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं. त्यात सामाईक जमीन, तीसेक हिस्सेदार. दोन दिवस धूळ खाऊन जुना हस्तलिखित उतारा मी शोधला, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनातली चूक दुरुस्त करण्याचा अर्ज लिहून दिला. तलाठ्यांचा अहवाल, मग तहसीलदारांचा आदेश, यात महिने गेले, पण नाव सुधारलं.

आजी फडक्यात बांधून सोलं, म्हणजे आमसुलं, घेऊन आल्या. "घे गो चेडवा, घरची आसत." अव्वल कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "याची पावती फाडा हो!"