पहिली मीटिंग कशी सापडली? (अनुभव धागा)

दारू सोडायचं ठरवणं वेगळं आणि त्यासाठी अनोळखी माणसांत जाऊन बसणं वेगळं. व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल बरंच वाचायला मिळतं, तिथून घरी आल्यावर पुढे काय याबद्दल फारसं नाही. एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट), केंद्राचा पाठपुरावा गट, घरच्यांसाठीचं अल-अॅनॉन, जिथे कुठे गेला असाल तिथे कसे पोचलात आणि काय खटकलं तेही लिहा. नाव नको, गाव पुरे. उपदेश तर नकोतच, ते आम्हाला तोंडपाठ आहेत.

एक आधीच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत भास, फिट काहीही होऊ शकतं, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

सुरुवात मीच करतो.

डोंबिवली
शाळेचा वर्ग. फळ्यावर दिवसाची भागाकाराची गणितं तशीच होती, आणि बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागत होते. वाटलं होतं, किती पितोस, कधीपासून, बायको काय म्हणते, असं सगळं विचारतील. कोणी काही विचारलं नाही. दारू थांबवायची इच्छा आहे ना, मग तू इथला, एवढीच अट. पैशांची पिशवी फिरली तेव्हा शेजारच्या काकांनी माझा हात धरला, "पहिल्या दिवशी नाही टाकायचे." बाहेरच्या कोणाकडून देणगी घेतच नाहीत, हे नंतर कळलं. निघताना त्यांनी पत्रकाच्या मागे फोन नंबर लिहून दिला. म्हणाले, "प्यावंसं वाटलं की फोन कर. प्यायल्यावर करू नकोस, तेव्हा तू ऐकणार नाहीस."

मी त्यांना रात्री-अपरात्री छळलंय. एकदाही फोन उचलला नाही असं झालं नाही.

पुणे
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. शेजारणीच्या सांगण्यावरून दारू सोडवायच्या डायसल्फिरामच्या गोळ्या आणल्या होत्या, आमटीत कुटून घालायला. नवऱ्याला पत्ता लागू न देता! त्यावर तो प्यायला असता तर बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतलं असतं, हे मला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात समजलं. तो पाच आठवडे आत होता तेव्हा मी तिथल्या 'सहचरी' या पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटाच्या बैठकीला जायला लागले. पहिल्या दिवशी मी आपली "हे असं करतात, हे तसं करतात" सुरू केलं. एक बाई म्हणाली, "त्यांचं झालं, आता तुमचं सांगा." मला सांगायला काहीच सुचेना. खिशात नोटा किती, परतायला उशीर किती, श्वासाला वास येतो का, एवढंच माझं आयुष्य उरलं होतं. त्यांची दारू थांबली तरी मी जाते. घरी वाद होतो त्यावरून, "आता कशाला?" म्हणतात. तरी जाते.

चंद्रपूर
आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. तेवढी सगळी वर्षं मी प्यायलो, फक्त जास्त पैसे मोजून. मीटिंगचं म्हणाल तर आम्ही दोघंच आहोत. दोघं जमले तरी गट होतो म्हणतात. तो आला नाही तर मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो.

नाशिक
थोडा विरोधी सूर. मी नास्तिक. एएचा दारू सोडायचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, त्यांत ईश्वर, शेवटी प्रार्थना, मला जमेना. "तुला उमगलेला ईश्वर" अशी सोय आहे म्हणतात, पण मला कोणताच उमगलेला नाही. शिवाय मी जायचो त्या गटात दोघे-तिघे आपल्या जुन्या दारूच्या बैठका इतक्या रंगवून सांगायचे की घसा कोरडा पडायचा. सोडलं. आता मानसोपचारतज्ज्ञ घेतात त्या गटात जातो. तिथे चहा मिळत नाही, बाकी बरं आहे.

न्यू जर्सी
चर्चचं तळघर, कडू कॉफी, माणसं फार चांगली. पण इंग्रजीत मी ऑफिसच्या मीटिंगसारखाच बोलायचो, मुद्देसूद. आई गेली तेव्हा मी शुद्धीत नव्हतो, हे मला त्या भाषेत सांगता येईना. कोविडच्या काळात झूमवर मराठी मीटिंग सापडली. तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आमचे सकाळचे दहा. आता रविवारी त्या वेळेला घरात मला कोणी हाक मारत नाही.

मुंबई उपनगर
मी बाई आहे आणि मी प्यायचे. पहिल्या मीटिंगला दारातच एक गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, घरच्यांचं शेजारच्या खोलीत आहे." मी मुकाट्याने शेजारच्या खोलीत जाऊन बसले, दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल ऐकत. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला बरोबर घेऊन गेले आणि तिला शेजारी पाठवलं.

ठाणे
फक्त वाचतोय. एकट्याने जायची हिंमत नाही. भावाला आणलं तर चालतं का?

डोंबिवली
ओपन मीटिंग असेल तर चालतं. क्लोज्ड असेल तर फक्त पिणारे. वेळा बदलतात, निघण्याआधी फोन करून विचारा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला पैसे पडत नाहीत, जवळचं केंद्र तेही सांगतात.