पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी कॉलेजसाठी एक वर्ष गॅप घेतला, आता कॅपचे (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे) पर्याय कोणत्या क्रमाने भरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली. बारावी मागच्या वर्षी झाली, पीसीएम. बोर्डाचे गुण चांगले होते, पण सीईटीच्या तोंडावर कावीळ झाली आणि पर्सेंटाइल शहाण्णवच्या आसपास अडकलं. तेवढ्यावर धुळ्यात जागा मिळत होती, घेतली नाही. डोक्यात पुण्याचं सीओईपीच होतं. बापू म्हणाले, वर्षभर थांब, पण लातूर-पुण्याच्या क्लासचे पैसे होणार नाहीत. मग गावातून एसटीने अमळनेरच्या अभ्यासिकेत जाऊन-येऊन अभ्यास केला. कापूस वेचणीच्या दिवसांत तेही बुडायचं.

(आत्याचा दर फोनला एकच प्रश्न: "पोर आजून घरमाच शे का?" त्यावर सल्ला नको, त्याची सवय झाली.)

यंदाची सीईटी झाली. गणित बरं गेलंय. 200 पैकी 100 गुण गणिताचेच आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे आशा आहे. पण आपली शिफ्ट सोपी होती की अवघड, ते पर्सेंटाइल आल्यावरच कळणार.

आता अडचण. मला ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) हवंय. सीओईपीत कॉम्प्युटरचं नावच काढत नाही, ते नव्व्याण्णवच्याही बरंच वर बंद होतं. ईअँडटीसी मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं, तर सीओईपीतली मेटलर्जी (धातुशास्त्र) किंवा सिव्हिल वर ठेवू, की पुण्यातल्याच दुसऱ्या कॉलेजचं ईअँडटीसी? 2025 च्या प्रवेशापासून पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कुठलाही आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे हौस म्हणून वर काही टाकून ठेवायची सोय राहिलेली नाही. मैत्रीण म्हणते, आधी कॉलेजात शीर, शाखा दुसऱ्या वर्षी बदलून घे. असं खरंच होतं का?

बापूंचं म्हणणं वेगळंच. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी काय वाईट आहे? सरकारी आहे, खोलीभाडं वाचेल, शनिवारी घरी येशील. माझ्याकडे याला धड उत्तर नाही. पण जळगावच घ्यायचं होतं तर वर्ष कशाला घालवलं, असंही वाटतं.

आम्ही ओबीसी आहोत, जात वैधता आहे. गॅपमुळे कागदपत्रांत काय वाढतं तेही सांगा.

गिरणाकाठी:
कागदांचं आधी बघ, पोरं तिथेच अडकतात. मागच्या वर्षीचं सीईटीचं पर्सेंटाइल यंदा चालत नाही, बारावीचे गुण तेच चालतात. जात वैधता एकदाच लागते, पण नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपास. प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. मागच्या वर्षी एकाच वर्षाचं काढलं असशील तर यंदा बाद. निकालानंतर सेतूत गर्दी होते, आत्ताच अर्ज टाक. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेव. मधल्या वर्षात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात लिहायचं असतं. ज्युनियर कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला काढला नसेल तर तोही काढ.

आणि फीची फार काळजी नको. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. फक्त प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र राहतोच, त्या बाबतीत बापूंचं गणित बरोबर आहे.

बोरीकर:
शाखाबदलाच्या भरवशावर राहू नको ताई. जागा रिकामी झाली तर आणि पहिल्या वर्षाचे गुण वरचे असतील तर, असे दोन "तर" आहेत त्यात. माझा भाचा त्याच आशेवर गेला आणि चारही वर्षं सिव्हिलच केलं. आज त्याला सिव्हिल आवडतं, ते सोडा.

फॉर्म भरताना कटऑफ बघून क्रम लावू नको. जे सगळ्यात जास्त हवंय तेच एक नंबरवर. वर अवघड पर्याय टाकला म्हणून खालचा हुकत नाही, वरचं मिळत नसेल तरच खालचं बघतात. धोका उलटा आहे. जिथे जायचंच नाही ते पहिल्या सहांत नको. मेटलर्जी मिळाली तर रडणार असशील तर ती सहाव्याच्या खाली टाक, नाहीतर टाकूच नको. चौथ्या फेरीत मात्र जे मिळेल ते शेवटचं.

आणि एक विचारतो, राग मानू नको: तुला सीओईपी हवंय की ईअँडटीसी? जळगावबद्दल बापूंना काय सांगायचं, तेही त्यावरच ठरेल.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. नॉन-क्रिमीलेअर बघितलं, एकाच वर्षाचं निघालं. सोमवारी बापूंबरोबर सेतूत जाते. बोरीकर काका, राग नाही आला, पण उत्तरही देता येत नाहीये. मेटलर्जीत नक्की काय शिकवतात हेच मला माहीत नाही. सीओईपीत मेटलर्जी केलेलं कुणी इथे असेल तर दुसऱ्या वर्षाला कोणते विषय असतात आणि खान्देशातल्या मुली तिथे त्या शाखेला आहेत का, एवढं सांगाल का? निकालाआधी कळलं तर बरं होईल.